लिटरभर जास्त

नऊ नंबरचं वासरू वजनकाट्यावर ऐटीत उभं होतं आणि डॉक्टरबाई आकडा बघून नाचायच्याच काय त्या बाकी होत्या.

"दोन आठवड्यांत दहा किलो वाढ! बिनभुकटीची सहावर अडकलीत. भुकटी लागू पडली गं!"

भुकटी कसली डोंबलाची! वासरांना दूध पाजणारी काडी वजनकाट्याआड सरकली.

संशोधनाच्या गोठ्यात बारा वासरं होती. सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ मोजून दोन-दोन लिटर दूध, त्यातल्या सहांच्या बाटलीत वजन वाढवायची नवी भुकटी; नऊ नंबर त्या सहांतलंच. कोण किती भरतंय, एवढंच बघायचं. पण आलं तेव्हा ते म्हणजे नुसता हाडांचा सापळा! बाटली संपली तरी चोखत राहायचं, मग असं हंबरायचं की काळीज चिरायचं. काडी दोन्ही वेळा त्याला गुपचूप लिटरभर जास्त पाजत होती.

आणि आजच तिचे उमेदवारीचे तीन महिने संपत होते. कायम नोकरीचं पत्र टेबलावर होतं, फक्त सही राहिली होती. घरी पप्पा रोज टोमणा मारायचे, "शेण काढायला बारावी झालीस होय?"

"काडे, तोंड का पाडलंयस?" मुकादमकाका हसले. "आज तर तुझी चांदी आहे!"

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

"उद्यापासून सगळ्यांना भुकटी," बाई पेन उघडत म्हणाल्या. "भुकटी असल्यावर दूध निम्मंच पुरे."

निम्मं! काडीच्या डोळ्यांसमोर बारा रिकाम्या बाटल्या आल्या.

"बाई, थांबा! मी... मी नऊला जास्त दूध पाजलंय. रोज."

बाईंनी पेन मिटलं. वजनांची वही ओढून त्या मागची पानं उलटू लागल्या.

"नऊ बाद करा ना," काडी रडकुंडीला आली. "बाकीच्यांना थेंबसुद्धा जास्त नाही दिला, शप्पथ!"

"शप्पथ कुठल्या रकान्यात लिहू?"



बाराही वासरं बाद झाली. पत्र खणात गेलं.

"नवी बारा आणायची. सगळं पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

"आणि मी?"

"पुन्हा तीन महिने उमेदवारी. बाटलीला हात लावायचा नाही, नुसतं वजन लिहायचं. जमत नसेल तर आत्ताच सांग."

"जमेल," काडी म्हणाली. तिनं बाईंपुढची वही उचलली.

घरी तिनं फक्त, "अजून तीन महिने," एवढंच सांगितलं. पप्पांनी टोमणासुद्धा मारला नाही. ते तर जास्तच लागलं.

नवी वासरं आली. त्यात चार नंबरचं अगदी मरतुकडं. मुकादमकाकांनी त्याला दोन लिटर पाजले, बाटली काढून घेतली आणि पुढच्या कप्प्याकडे गेले. चार नंबर मान ताणून हंबरायला लागलं.

काडी वही छातीशी घट्ट धरून तिथेच उभी राहिली. ते थांबेना. हीसुद्धा हलली नाही.