बारक्या शब्दांचा कोश

मित्रांनो, जुना तर मी आहेच, वर अंगानेही बारका. शर्टाच्या खिशात मावेन एवढाच. विज्ञानात अतिशय लहान वस्तूंसाठी जे इंग्रजी शब्द आहेत, तेवढेच माझ्या पोटात आहेत. ॲटम, मॉलिक्यूल, सेल, बॅक्टेरिया, मायक्रॉन. प्रत्येकासमोर मराठीत अर्थ. एका शिक्षकांनी मला बाइंडरच्या दुकानात शिवायला टाकले आणि ते न्यायला परत आलेच नाहीत. बाइंडरने मला नवी शिवण घातली, निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला आणि मी त्यांचाच झालो. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो.

दुकानामागेच घर. आई नव्हती, दोघेच असत. माझे शब्द त्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केले. "भाजीत मीठ मॉलिक्यूलभर कमी आहे," बाबा म्हणत. "मग मॉलिक्यूलभर गप्प बसून जेवा," लेक म्हणे. गिऱ्हाइकांना बाबा बजावत, "माझी कड मायक्रॉनभरही तिरकी जाणार नाही." खोटे कशाला बोलू, मी फुगून गेलो होतो.

मग लेकीला परगावी पहिली नोकरी लागली. ती निघायच्या आदल्या दिवशी बाबांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. लघवीत रक्त होते, आणि त्याच्यापुढे 'मायक्रोस्कोपिक' असे लिहिलेले. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितले होते. लेकीने मला उघडले आणि वाचले, "नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान."

"म्हणजे दिसतसुद्धा नाही," बाबा हसले. "एवढ्याशासाठी दुकान बंद ठेवू होय? तू आपली बॅग भर."

ती थोडा वेळ माझ्या पानावर बोट ठेवून उभी राहिली. मग तिने मला मिटले आणि बॅग भरायला घेतली.

तेव्हापासून मला चैन नाही. मी खोटे सांगितले नव्हते. पण लहान म्हणजे किरकोळ नव्हे, हे माझ्या एकाही पानावर नव्हते. रक्त डोळ्यांना दिसू लागले तोवर फार उशीर झाला होता. बाबांचे एक मूत्रपिंड काढावे लागले, दुसऱ्याचाही भरवसा नाही. पुस्तके दाबायच्या यंत्राचा दांडा आता त्यांच्याने फिरत नाही. दुकान बंद आहे. मी फळीवर धूळ खात पडलो आहे, आणि मला ते योग्यच वाटते.

परवा लेक सुट्टीवर आली. बाबांना औषध देता देता ती एकदम खाली बसली. "बाबा, मला तेव्हाच कळत होतं. लहान आहे म्हणून सोडून द्यायचं नसतं, एवढं काय मला ठाऊक नव्हतं? पण मला जायचं होतं. म्हणून वाचलं आणि गप्प बसले."

बाबांनी ग्लास बाजूला ठेवला. "पुस्तकाला कसर लागते ना, तिचं अंडं सुईच्या टोकाएवढं असतं, पोरी. पण सगळं कपाट खाऊन बसते ती. जन्मभर तेच बघत आलोय मी. मलाही कळलं होतं. पण तुला जाऊ द्यायचं होतं."

लेकीने ग्लास उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, पुस्तके जरूर उघडा, त्यांना जपाही. पण घरातले माणूस घाबरले असेल, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा. मी नसतो, तर त्या दिवशी त्या दोघांना एकमेकांशी बोलावे लागले असते.