बशीतून मारलेली हाक

मी मेंदूची पेशी बोलतेय! डोक्यातली नव्हे हं, प्लास्टिकच्या बशीतली. जन्माने मी एका तरुणाच्या दंडावरची कातडी. त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या आमच्या ताईने, कसली कसली रसायनं पाजून मला मेंदूची पेशी केलं. अशी बढती तुम्हा माणसांत कुणाला मिळते का?

ताईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. साध्या तापाचा विषाणू दोनदा तिच्या भावाच्या थेट मेंदूत शिरला होता. दुसऱ्यांदा तो कसाबसा वाचला. तिसऱ्यांदा काय?

विषाणू घुसला की आम्ही पेशी हाक मारतो. तोंड नाही आम्हाला. भोवतीच्या पोषक पाण्यात एक रसायन सोडतो, ते पोचलं की शेजारणी सावध होऊन दारं लावून घेतात.

ताईने विषाणू सोडला. मेला माझ्यात शिरला आणि माझंच सामान वापरून पोरंबाळं वाढवायला लागला! मी जीव तोडून हाक मारली.

पण ताई भारी टापटिपीची. तपासण्याआधी तिने सगळं पाणी काढून टाकलं, आम्हाला धुतलं, ताजं पाणी भरलं आणि लगेच तेच तपासलं. माझी हाक गेली कचऱ्याच्या बाटलीत! असा संताप आला म्हणून सांगू!

"तुझ्या पेशी हाकच मारत नाहीत रे," काचेबाहेर उभ्या भावाला ती फोनवर म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

"आधीचं पाणी काय केलंस?"

"फेकलं. घाण असते त्यात."

"अगं, ओरडल्या असतील तर त्यातच ना?"

ताईने कपाळावर हात मारला. "मी पण ना!"

नशीब, मी अजून तग धरून होते. दुसऱ्या दिवशी तिने थेंबही न सांडता माझं पाणी तपासलं. हाक होती! पण बारीक. बशीतल्या शेजारच्या खणात ताईच्या स्वतःच्या कातडीपासून केलेल्या पेशी होत्या, त्यांच्यातही तिने विषाणू सोडला होता. त्यांची हाक खणखणीत. ताईने त्यांच्या पाण्यातले विषाणू मारले, ते पाणी माझ्या निरोगी बहिणींवर घातलं आणि मगच या बहिणींत विषाणू सोडला.

एकही बहीण पडली नाही!

"ऐकू येतं रे त्यांना!" ताई काचेवर थापा मारत होती. "फक्त आवाज बारीक आहे!"

"म्हणजे माझ्यासाठी तूच ओरडायचं?"

"लहानपणापासून तेच करतेय, गाढवा! आता ती हाक औषधातून देता येते का, ते बघते."

हसत होती आणि डोळेही पुसत होती. मलाही फार फार आनंद झाला.

माझं आता संपत आलंय, अंग फुटायला लागलंय. वाईट नाही वाटत. फक्त ताई, आजचं पाणी फेकू नकोस हं. त्यात मी आहे.