अर्थ नसलेले चाळीस शब्द

मन्मथअप्पांचा गुरुपाद हैदराबादला बी.ए. करत होता. विषय नफ्सियात, म्हणजे मनाचं शास्त्र. पालमजवळच्या त्याच्या गावात कुणाला वाटे पोरगा वेडे बरे करणार, कुणाला वाटे चोर ओळखणार.

सत्तेचाळीसच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रोफेसरांनी काम दिलं. कुठल्याच भाषेत अर्थ नसलेले चाळीस शब्द बारा माणसांकडून पाठ करून घ्यायचे आणि आठ दिवसांनी कुणाला किती आठवतात ते लिहून आणायचं. अट एकच : शब्दाला कुणी अर्थ चिकटवता कामा नये.

गुरुपादनं ओसरीवर बसून वाचायला सुरुवात केली. "टिव, लोझ, केम, रूध..."

"रूध म्हंजी दूधच की," ज्वारी निवडता निवडता त्याची आई गंगम्मा म्हणाली. "तोतऱ्यानं म्हणलेलं."

"अव्वा, त्याला अर्थ न्हाई."

"आन् टिव म्हंजी टिटवी," सालगडी आश्रुबानं भर घातली.

अप्पा एवढंच म्हणाले, "अर्थ नसलेलं शिकायला तुला हैदराबादला धाडलं व्हय?"

कशीबशी अकरा माणसं झाली. बारावा शोधायला गुरुपाद कागद खिशात घालून बाजाराला निघाला. दिवस वाईट होते. निजामाच्या हद्दीपलीकडं काँग्रेसवाल्यांचे कॅम्प पडले होते आणि अलीकडं नाक्यानाक्यावर झडत्या चालल्या होत्या. नाक्यावर पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, बन्सीधर यांच्या हाती तो कागद लागला.

"हे काय आहे?"

"शब्द आहेत साहेब. त्यांना अर्थ नाही."

"अर्थ नाही, तर लिहिले कशाला?"

"अर्थ नाही म्हणूनच लिहिले."

अमीनसाहेबांनी त्याला ठाण्यावर नेऊन बसवलं.

त्यांनी मारझोड केली नाही. ते शिकलेले गृहस्थ होते, आणि तेच गुरुपादला नडलं. ते विचार करत. रोज सकाळी खुर्ची ओढून समोर बसत आणि एकेक शब्द घेत. "केम तर सोलापूरकडचं स्टेशन आहे. तिथं तुला कोण भेटतं?" दुसऱ्या दिवशी, "लो म्हणजे लोहा गाव, आणि झ म्हणजे झेंडा. लोह्याला झेंडा कधी लावणार?" गुरुपाद शपथा घेई. अमीनसाहेब समजूतदारपणे मान हलवत आणि पुढचा शब्द घेत.

आठव्या दिवशी अप्पा एका ओळखीच्या वकिलाला घेऊन आले. कागद तपासायला वर गेला होता, तो परत आलाच नव्हता. तरी अमीनसाहेबांनी वकिलासमोर टिवपासून शेवटापर्यंत चाळीसच्या चाळीस शब्द ओळीनं घडाघडा म्हणून दाखवले. एकही चुकला नाही, एकही पुढेमागे झाला नाही. गुरुपाद तोंडाकडं बघतच राहिला.

वकिलानं जामीन मिळवला. घरी पोचल्यावर गुरुपादनं आधी वही उघडली आणि बाराव्या माणसापुढं लिहिलं : चाळीस.

बाकी अकरा जणांना आठव्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं होतं. आता विचारून उपयोग नव्हता आणि परतीची गाडी परवाची होती. त्यानं पुस्तकात दिलेली सरासरी पाहिली आणि अंदाजानं कुणाला नऊ, कुणाला बारा असे आकडे मांडले. अव्वाला तेरा दिले.

प्रोफेसरांनी वही बारकाईनं तपासली. बाराव्या आकड्यावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, 'हे मनानं रचलेलं आहे. विद्यार्थ्यानं प्रामाणिक राहावं.' अकरा आकड्यांखाली मात्र त्यांनी शाबासकी दिली होती आणि गुरुपादला वर्गात दुसरा नंबर मिळाला.

गुरुपादनं तक्रार केली नाही. केली असती, तर बारावा माणूस कोण हे सांगावं लागलं असतं.