साळिंदरांची रांग

घळीत उतरणारी वाट वाळू सोडून खडकावर येते, तिथं इल्मा आत्यानं बसकण मारली. "मर्विन, मला इथंच पुर," ती म्हणाली. "परत वर चढवायचा त्रास नको."

मी तिला पाणी दिलं. बाबा आमच्या पुढं निघून गेले होते, दोन्ही हात खिशात कोंबून. ते हात हल्ली थरथरतात. बाबांनी जन्मभर शाळेची बस चालवली. गाडी कधी कुठं घासली नाही की कुठलं पोर मागं सोडून ते निघाले नाहीत. गावात त्यांच्याबद्दल याहून जास्त कुणी काही सांगणार नाही.

आत्याचं तसं नाही. आमच्या जमातीत भाच्यावर पहिला हक्क आत्याचा. चांगला पोरगा पळवला म्हणून तिनं लग्नात, रिवाजाप्रमाणं, माझ्या सासूला भर अंगणात चिखलानं माखलं होतं, आणि माझ्या बायकोला ती आजही सवत म्हणते. बाबांना तर लहानपणापासून तिनं धड एक घास सुखानं खाऊ दिला नसेल. पण तिची मुलगी डार्लीन फीनिक्स शहरातल्या हॉस्पिटलात वारली, तेव्हापासून तिची जीभ मंदावली.

डार्लीनला मूलबाळ नव्हतं. आमच्यात कूळ आईकडून चालतं. मी आईच्या, म्हणजे मक्याच्या कुळातला. बाबा आणि आत्या साळिंदर कुळातले, आणि त्या कुळाची आता ही दोनच माणसं उरली होती. डार्लीनला मूठमाती देताना हे सगळ्यांच्या मनात होतं.

खाली घळीत एक मोठा उभा खडक आहे. मीठ आणायला पायी निघालेले आमचे पुरुष वाटेत त्यावर आपल्या कुळाच्या खुणेचं चित्र दगडानं ठोकून कोरत, आणि पुन्हा आले की जुन्या खुणेशेजारी नवी. साळिंदरांच्या रांगेतली पहिली चित्रं इतकी जुनी, की दगडाच्याच रंगाची झालीत. शेवटची दोन बाबांच्या मामांची आणि बाबांची. हात पुरते जायच्या आत बाबांनी आणखी एक ठोकावं, असं आत्यानं मनावर घेतलं होतं. आता ते बघायला कोण येणार आहे, असं बाबा म्हणाले, तर ती म्हणाली, "कुणी न येवो. संपलं तर संपलं, पण आपल्या हातानं संपवावं."

खडकापाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. बाबांनी एक टोकदार दगड निवडला, जुन्या चित्रांवरून बोटं फिरवली आणि ठोकायला सुरुवात केली. पहिला घाव एकीकडं, दुसरा भलतीकडं. मला बघवेना. मी पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं.

"सोड," आत्या म्हणाली. "मक्यानं धरलेल्या हातातून साळिंदर उतरत नाही."

मला तिचा राग आला. हे काम मी बसल्या बैठकीत केलं असतं, अगदी बाबांच्या मामांच्या चित्रासारखं. पण तिचं खरं होतं. मी हात सोडला.

बाबा दम संपेपर्यंत ठोकत राहिले. मग दगड खाली ठेवून त्यांनी डोळे किलकिले केले. मोतीबिंदूमुळं त्यांना जवळचंही धड दिसत नाही.

"इल्मा, जमलंय का गं?"

खडकावर नुसते पांढरे ठिपके विखुरले होते. ना पाठ, ना डोकं, ना पाय. आत्या गुडघ्यांवर हात रोवून उठली, जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली. तिनं त्यांची थट्टा करावी, चांगलं फाडून खावं, असं मला फार वाटत होतं. तसं झालं असतं तर सगळं पूर्वीसारखंच आहे असं समजून मी घरी गेलो असतो.

"जमलंय," ती म्हणाली. "काटेसुद्धा आलेत."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या भुवयांवर दगडाची धूळ बसली होती. ती आत्यानं ओढणीच्या टोकानं पुसली, आणि त्यांचा थरथरता हात धरून ती चढणीला लागली. मी मुद्दाम मागं राहिलो. माझ्यापुढं अख्खं साळिंदर कूळ त्या वाटेनं सावकाश चाललं होतं.