गोधड्यांमागची अकरा वर्षे

कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात आम्ही नऊ जण होतो: चार गोधड्या, दोन लोकरी रग, गरम पाण्याची एक रबरी पिशवी, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याची एक पुरचुंडी आणि सगळ्यांच्या मागे आडवी निजवलेली मी.

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवट काचेची बाटली आहे. माझ्या पोटात पांढरी वाइन होती. ती मोठ्यांची वस्तू आहे, तुमची नव्हे. पण माझी गोष्ट ऐकायला वयाची अट नाही.

माझा जन्म नाशिकजवळचा. दोन जातींची हिरवी द्राक्षे वेगवेगळी आंबवून, मग ठरावीक प्रमाणात एकत्र करून माझ्यातली वाइन झाली. ते प्रमाण संपदा नावाच्या मुलीने ठरवले होते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून ती तिथे नोकरीला लागली होती आणि हे तिचे पहिलेच मिश्रण होते. चव कोरडी, म्हणजे साखर लिटरमागे दोन ग्रॅमसुद्धा नाही. पांढरी वाइन लोक वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकतात. संपदाला मात्र दहा वर्षे टिकेल अशी करायची होती.

२०१४ च्या दिवाळीत ती मला घेऊन मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमधल्या आपल्या घरी आली. तिचे वडील बबनराव पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. मला त्यांच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाबा, दहा वर्षांनी उघडा. जेवताना प्या आणि कशाबरोबर चांगली लागली ते मला सांगा."

"मुलगी दारू गाळते, हे मी सोसायटीत कोणत्या तोंडाने सांगू?" असे म्हणून त्यांनी मला टेबलावर ठेवले. आवाज न करता ठेवले, एवढे मला आठवते.

ती परत गेल्यावर उर्मिलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, मला गोधड्यांमागे सरकवले. उभी मावेना, म्हणून आडवी. पुढच्या फोनवर संपदाने माझी चौकशी केली, तेव्हा बबनराव म्हणाले, "ती? दिली कुणालातरी." मी चार हातांवर होते. त्यांना ते माहीत होते.

मित्रांनो, मला जपायचे म्हणून कोणी जपले नाही. मला लपवले. पण उन्हाची तिरीप नाही, आडवे असल्यामुळे बूच ओले राहिलेले आणि भोवती गोधड्या, त्यामुळे उन्हाळाही माझ्यापर्यंत पोचताना मवाळ होई. दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये मानाने उभी राहिले असते, तर तीन वर्षांत आंबून गेले असते. हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा मला फक्त अंधार कळत होता.

पहिली सात वर्षे थंडीत दार उघडे. उर्मिलाबाई गोधडी काढताना माझ्या मानेवरून हात फिरवून मी आहे ना, ते बघत. मग त्या गेल्या. त्यानंतरच्या चार वर्षांत दार एकदाही उघडले नाही. एका माणसाला वरच्या खणातली एक चादर पुरत होती.

फोन तेवढा ऐकू येई. "गोळी घेतलीत?" "घेतली." "जेवलात?" "जेवलो." रोज हीच चार वाक्ये. पण गेल्या महिन्यात एकदा संपदा जास्त बोलली. फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता. "बाबा, त्या पहिल्या मिश्रणाची आमच्याकडे एकही बाटली उरलेली नाही. दहा वर्षं टिकावी म्हणून केली होती. टिकली असती की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही."

फोन संपला. बऱ्याच वेळाने दार उघडले आणि बबनरावांचा हात चाचपडत माझ्यापर्यंत आला.

त्यांनी मला लगेच उघडले नाही. प्रयोग करायचा तर पूर्ण तयारीने, ही त्यांची जुनी सवय. गुरुवारी त्यांनी वाल भिजत घातले, शुक्रवारी फडक्यात बांधून मोड आणले आणि शनिवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून एकेक वाल सोलला. उर्मिलाबाईंचे बिरडे त्यांना जसे आठवत होते, तसे करायचे होते. एवढे वाल एकट्या माणसासाठी कोणी सोलत नाही.

तेवढ्यात राई गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या द्वारकाबाई दाराशी आल्या.

"काय बबनभाऊ, कोलंबी पन आनि बोंबील पन? पावने हायेत काय?"

"नाही. मीच आहे."

"एकट्याला येवढं? डाक्टरनं सांगितलंय का मरायला?" मग त्यांना ओट्यावर मी दिसले. "आनि ही कवापासून?"

"संपदाने केलीय. उर्मिलाने अकरा वर्षं लपवून ठेवली होती."

द्वारकाबाईंनी टोपली खाली ठेवली. "वैनीनं ठेवली ना, मंग पयली वैनीची. आमच्यात गेलेल्या मानसाचं आदी काढून ठेवतात, मंग आपुन."

"आमच्यात असलं काही नसतं," बबनराव म्हणाले.

"नसंल तं नसंल. पन मानूस तं व्हतं ना?" असे म्हणून त्या गेल्या.

दुपारी त्यांनी मला उघडले. बूच जुने झाले होते, ते अर्ध्यात तुटले. तुकडे पडले म्हणून त्यांनी वाइन चहाच्या गाळणीतून ओतली. रंग जुन्या पितळेसारखा झाला होता. त्यांनी वास घेतला आणि चेहरा उतरला.

"मेथी?"

कपाटाचा वास लागून मी खराब झाले, असे त्यांना वाटले. ग्लास बेसिनवर तिरका झाला. मित्रांनो, अकरा वर्षांत मला कसली भीती वाटली असेल तर त्या क्षणाची. पण ते थांबले. आत जाऊन त्यांनी चारही गोधड्या हुंगल्या, रग हुंगले, पुरचुंडी हुंगली. कडुनिंबाचा वास होता, मेथीचा कुठेच नव्हता. म्हणजे तो वास माझा स्वतःचा होता. जुन्या, चांगल्या पांढऱ्या वाइनला वयानुसार तसा वास येतो. ग्लास सरळ झाला.

मग त्यांनी प्रयोगशाळेतली जुनी मोजनळी काढली, प्रत्येक पदार्थाला तीस मिलिलिटर घेतले आणि वहीत लिहीत गेले. खारे शेंगदाणे: दहापैकी पाच. तळलेला बोंबील: सहा, मागून लोखंडासारखी चव. मसाल्यातली कोलंबी: दोन, वाइन पाण्यासारखी लागते. बिरड्यापाशी ते थांबले. नारळाच्या दुधात वालांचा कडूपणा मवाळ झाला होता. त्यापुढे मेथी मागे सरली आणि मध, सुकवलेले जर्दाळू आणि भाजलेला बदाम एकामागून एक पुढे आले. त्यांनी आणखी दोनदा घेऊन पाहिले. दोन्ही वेळा तेच.

त्यांनी फोन लावला.

"बाबा? गोळी राहिली का?"

"घेतली. संपदा, ती बाटली मी कुणाला दिली नव्हती. खोटं बोललो होतो."

त्यांनी वही जवळ ओढली.

"गोधड्यांमागे होती. आज उघडली."

"व्हिनेगर झालं असेल ना?"

"नाही. टिकलीय. आईच्या बिरड्याबरोबर दहापैकी नऊ."

"नऊ? तुम्ही? बारावीला मला केमिस्ट्रीत ब्याण्णव पडले तर आठ कुठे गेले विचारत होतात." ती हसत होती की रडत होती, ते मला ठरवता आले नाही. "एक कशाचा कापलात?"

"बूच तुटलं."

"ते माझ्याकडून नाही, तुमच्याकडून तुटलं! बाबा, आता हवा लागू देऊ नका. झाकून फ्रीजमध्ये ठेवा. उद्या सकाळची पहिली बस धरते मी."

मित्रांनो, कोणी विश्वासाने काही हातात दिले, तर ते आवडले नाही म्हणून अंधारात सारू नका. आणि त्याच्याबरोबर प्रश्न दिला असेल, तर माणूस ऐकायला आहे तोवर त्याचे उत्तर द्या. दर वेळी गोधड्या मदतीला येतीलच असे नाही.

रविवारी दुपारी संपदा आली. बिरडे गरम केले होते. बबनरावांनी टेबलावर ग्लास मांडले. संपदाने ते पाहिले आणि काही विचारले नाही. मग त्यांनी मला मोजनळीत शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे केले आणि डोळ्याच्या रेषेत धरून आकडा वाचला.

एकूण चारशे अकरा मिलिलिटर. ग्लास तीन. प्रत्येकी एकशे सदतीस.