पंधरा नंबरची ओल

"पैजेवर सांगतो जावईबापू, तुमचा विश्वास बसणार नाही," असं बजावूनच नळवाले काकांनी सुरुवात केली. आतल्या खोलीत लेक वह्या तपासत होती. लहानपणी ती जिथे शिकली त्याच शाळेत आता बाई होती, पण कान तिचे बाहेरच.

उपनगरात मिरवण्यासारखं दोनच: शाळा आणि चित्रांची गॅलरी. दोन्हींची मधली भिंत एक, अध्यक्षीणबाईही एकच. मूल शाळेत घालायचं तर बापानं आधी गॅलरीतल्या एका चित्रापुढे उभं राहून काय वाटतं ते सांगायचं. घराला कलेची जाण नसेल, तर प्रवेश नाही. डॉक्टर-वकील पाठांतर करून येत. नळवाल्यापाशी होता पान्हा, आणि सहा वर्षांची लेक. दुसरी शाळा दोन बस बदलून.

काकांच्या वाट्याला पंधरा नंबर आला. चौकट नाही, भिंतीवर नुसता पिवळट, कडांना फुगलेला डाग आणि खाली आकड्याची पाटी. आधीचे वकीलसाहेब त्यापुढे डोळे टिपत होते. "आईचं एकटेपण आहे हे!" अध्यक्षीणबाई मान डोलावत म्हणाल्या, "चित्र दर आठवड्याला वाढतंय. चित्रकार अजून शोधात आहे."

काकांनी हळूच बोट लावलं. ओलं. वास घेतला. पलीकडे मुलींचं स्वच्छतागृह!

"बोला, काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

लेकीची शाळा जिभेच्या टोकावर लोंबकळत होती. पण काका कसले डरतात! छाती काढून म्हणाले, "बाई, चित्रकार कसला घेऊन बसलात? पलीकडचा जॉइंट गळतोय."

वकीलसाहेबांचा रुमाल झटकन खिशात गेला. बाईंनी काकांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. तासाभरात जॉइंट बदलला, भिंत रंगवली, आणि लेकीला जागच्या जागी प्रवेश!

जावई भारावला. "म्हणजे खरं बोललात म्हणून—"

आतून वही आपटल्याचा आवाज आला.

"बाबा! पंधरा नंबर रोज बघते मी. आता दाराएवढा झालाय. आणि पाटीवर त्या दिवशी तुम्ही म्हणालेलं तुमचंच वाक्य कोरलंय: 'ही भिंत लेकीसाठी रडते आहे. एक पालक.'"