दोन नुरी आणि एक शिक्का

माझ्यावरची अक्षरं उलटी कोरलेली आहेत. उलटं वाचायची सवय असलेल्या यासीनभाईंनी मला उजेडात धरलं आणि लगेच वाचलं, ‘रासिम’. मी पितळेचा, अंगठ्याएवढा शिक्का. रियाधच्या बत्हा बाजारात, दापोलीच्या यासीनभाईंच्या शिक्क्यांच्या दुकानात राहतो.

माझा जन्म शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा, तुर्कस्तानातल्या गोकपिनार गावातला. रासिम बे तिथले नगराध्यक्ष झाले तेव्हा मला घडवलं. ‘बे’ म्हणजे आपल्याकडचं ‘राव’.

पुढे परक्या फौजा देशात शिरल्या आणि स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं. रासिम बे दारोदार फिरले. सैन्यासाठी गहू, लोकरी मोजे, बैलगाड्या गोळा केल्या. प्रत्येक कागदावर मी उमटायचो. उमटवण्याआधी ते माझ्यावर फुंकर मारून बाहीने पुसत. लोक म्हणत, रासिम बेंचा शिक्का आहे ना, मग खरंच असणार. मला त्याचा अभिमान होता.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी आघाडीवरून पळालेल्या शिपायांची यादी गावात आली. त्यात एक नाव होतं, हलिलचा मुलगा नुरी. तिथे तेव्हा आडनावं नव्हती. गावात हलिल दोन होते, आणि दोघांच्याही मुलाचं नाव नुरी. एक मेंढपाळ. तो आजारपणाच्या रजेवर रीतसर घरी आला होता, पण रजेचा कागद नदी ओलांडताना भिजून लगदा झाला होता. दुसरा रासिम बेंच्या बहिणीचा मुलगा. पळाला होता तो, आणि लपला होता रासिम बेंच्याच कोठारात.

शिपायांनी मेंढपाळाला धरून आणलं.

“हाच का तो?” कप्तानाने विचारलं.

रासिम बे त्या पोराच्या पायांकडे बघत म्हणाले, “हाच.”

त्या दिवशी कागदावर मला उमटवताना त्यांनी माझ्यावर फुंकर मारली नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या मैदानात मेंढपाळाला फाशी दिली.

त्यानंतर त्याची आई रोज कचेरीत येऊन समोरच्या खुर्चीत बसू लागली. काही मागत नसे, रडत नसे. देश स्वतंत्र झाला. रासिम बे लोकप्रतिनिधी होऊन राजधानीत गेले, तेव्हा म्हातारी वारली होती. तरी त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची रिकामीच राहायची. कुणी बसायला गेलं की ते हळूच म्हणत, “तिथे बाई बसल्यात.”

मग देशाने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. माझी अक्षरं निकामी झाली. मला बरंच वाटलं.

मरण्याआधी रासिम बेंनी भाच्याला बोलावून मला त्याच्या हातात ठेवलं. “त्या पोराचं नाव तुला विसरता येणार नाही,” ते म्हणाले. “तुझंच आहे ते.”

भाच्याने सगळं सांगून मला आपल्या नातीला, नेरिमानला दिलं. ती लग्न होऊन रियाधला आली. चाळीस वर्षं तिने बायकांचे कपडे शिवले आणि मी तिच्या बटणांच्या डब्यात राहिलो. नवरा इथल्याच मातीत गेला. आता इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करून ती कायमची तुर्कस्तानात लेकीकडे परत निघाली होती. त्याआधी ती यासीनभाईंच्या दुकानात आली.

त्यांना वाटलं, जुनी वस्तू विकायला आली असेल. तिने एक पत्र पुढे केलं आणि मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. पत्रात लिहिलं होतं : मेंढपाळ नुरी पळाला नव्हता. रासिम बे खोटं बोलले. पळाला तो माझा आजा.

“यावर हा शिक्का मारून द्या.”

यासीनभाईंनी शाईचा पॅड मागे सरकवला. “मेलेल्या माणसाच्या नावाचा शिक्का मी कसा मारू, खाला?”

त्यांची बायको इस्मत डबा घेऊन आली होती. ती मराठीत म्हणाली, “अहो, तुम्ही मारूच नका. त्यांचा हात कापतोय, तेवढा धरा.”

त्यांनी मनगट धरलं. नेरिमानने मला दाबलं. इतक्या वर्षांनी मी उमटलो, जरा तिरका.

पत्र टपालाने लेकीकडे गेलं, आणि तिने ते गोकपिनारला नेऊन मेंढपाळाच्या बहिणीच्या नातवाला दिलं. निघायच्या दिवशी नेरिमान पुन्हा दुकानात आली. फोनवर त्याचं उत्तर आलं होतं. एकच ओळ : तुमचे आजोबा किती वर्षं जगले?

“काय लिहू?” तिने विचारलं.

यासीनभाई खाली बघत म्हणाले, “जे खरं आहे ते.”

तिने लिहिलं, त्र्याऐंशी.

त्याने ते वाचल्याची खूण आली. पुढे काही आलं नाही. तिने फोन पर्समध्ये टाकला, मला तिथेच ठेवलं आणि विमानतळाकडे निघून गेली.

आता कुणी माझी किंमत विचारली की यासीनभाई म्हणतात, “विकायचा नाही.” पण माझं एक मागणं आहे. मला कधी काचेच्या पेटीत मांडू नका. खाली ‘स्वातंत्र्ययुद्धातली वस्तू’ अशी चिठ्ठी लावाल, आणि दुर्दैवाने तीही खरीच असेल. त्यापेक्षा मला वितळवा. माझी कडी करा आणि एखाद्या घराच्या दाराला लावा. बाहेर गेलेलं कुणी परत आलं, की मी वाजेन.